बकऱ्याच्या भेज्यात लिंबिक सिस्टीम कशी शोधावी

लिंबिक सिस्टीमची, म्हणजे मेंदूतल्या भावना आणि स्मृतीशी जोडलेल्या भागांची, रंगीत आकृती पाठ असते, पण त्यातला स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस, नेमका कुठे असतो असे विचारले की बहुतेकांचे बोट कानाच्या आसपास घुटमळते. बकऱ्याचा एक भेजा नीट उघडला की हा घोळ मिटतो. हे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेतच करा, घरात नको.

खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: मुंडके मधोमध फोडू नका, कवटीचे वरचे हाड काढून भेजा अख्खा द्या. सत्तुराचा घाव मध्ये बसला तर नेमका हवा तोच भाग चिरडतो. जनावर तपासणी झालेल्या कत्तलखान्यातलेच असावे, कारण रेबीज शेळ्या-बकऱ्यांनाही होतो.

ताजा भेजा खरवसासारखा थुलथुलतो, सुरीखाली फाटतो. म्हणून आधी तो घट्ट करायचा. १ भाग बाजारातले फॉर्मॅलिन, ९ भाग पाणी आणि दर लिटरला ९ ग्रॅम मीठ. एका भेज्याला किमान १ लिटर द्रावण. बरणीच्या तळाशी कापूस घाला, नाहीतर खालची बाजू चपटी होते. दोन दिवसांनी द्रावण बदला आणि २ आठवडे थांबा. घाई केली तर वरून घट्ट आणि आतून गुलाबी, लिबलिबीत असा भेजा हाती येतो, आणि आपल्याला तर आतलेच पाहायचे आहे. फॉर्मॅलिन डोळे-घसा जाळते, शिवाय कर्करोगकारक आहे. हातमोजे, गॉगल आणि उघड्या खिडक्या हव्यातच. कापण्याआधी भेजा रात्रभर पाण्यात ठेवून धुवा.

आता तो पालथा करा. पुढे गंधाचे दोन मोठे कंद, त्यांच्या मागे दृष्टीच्या नसांची फुली. फुलीमागे पिट्युटरीचा देठ. ग्रंथी बहुधा कवटीतच राहिलेली असते. देठामागचा पांढरा उंचवटा म्हणजे मॅमिलरी बॉडी. माणसात त्या दोन स्पष्ट दिसतात, इथे एकच वाटते.

भेजा सरळ करून दोन गोलार्धांमधल्या खाचेत लांब पात्याची सुरी ठेवा आणि एकाच ओढीत कापा. करवतीसारखी मागे-पुढे केली तर पृष्ठभाग खरबरीत होतो. काप दोन-तीन मिलिमीटर जरी सरकला तरी मधला नाजूक पडदा आणि फॉर्निक्स ही पांढऱ्या तंतूंची कमान एकाच फाकेत जातात.

कापलेल्या बाजूवर पांढरा वाकडा पट्टा दिसेल, तो कॉर्पस कॅलोसम. त्याच्या वरची वळी सिंग्युलेट गायरस, खालची कमान फॉर्निक्स, कमानीखाली थॅलॅमस. फॉर्निक्स पुढे खाली वळून हायपोथॅलॅमसमध्ये शिरतो. बोथट काडीने करडा भाग हळूहळू खरवडत गेलात तर तो मॅमिलरी बॉडीपर्यंत जाताना दिसतो. इथे वेळ घालवा, सगळ्या कामाचा जीव इथेच आहे. हिप्पोकॅम्पस, फॉर्निक्स, मॅमिलरी बॉडी, थॅलॅमसचा पुढचा भाग, सिंग्युलेट आणि पुन्हा हिप्पोकॅम्पस: हे वर्तुळ अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जेम्स पेपेझ यांनी १९३७ मध्ये भावनांची यंत्रणा म्हणून मांडले. आज ते स्मृतीशी जास्त जोडले जाते, भीतीचा मोठा भार अमिग्डाला या जवळच्या करड्या गोळ्याकडे गेला. आकृत्या मात्र अजून सगळ्यांना एकाच रंगात रंगवतात.

हिप्पोकॅम्पससाठी एक फाक बाहेरची बाजू वर करून ठेवा. कॉर्पस कॅलोसमच्या वरून स्काल्पेलची बोथट मूठ आत घाला. पोकळी लागली की वरचा थर बाहेर आणि खाली सोलत न्या. पाते वापरू नका, हिप्पोकॅम्पस त्या पोकळीच्या तळाशीच आहे. थॅलॅमसला वळसा घालणारा चकचकीत पांढरा उंचवटा दिसला की पोहोचलात. त्याच्या कडेची पट्टी पुढे फॉर्निक्स होते. १९५३ मध्ये अपस्मारासाठी हेन्री मोलेसन यांच्या मेंदूतून दोन्ही बाजूंचा असाच भाग काढला गेला, तेव्हापासून त्यांना नव्या घटना लक्षात राहिनात. हाताची कौशल्ये मात्र सरावाने शिकता येत होती.

अमिग्डाला सोलून सापडत नाही, तिच्या कडा आसपासच्या करड्या भागात मिसळलेल्या असतात. दुसऱ्या फाकेचे पुढून मागे, पावाच्या स्लाइससारखे उभे, ५ मिलिमीटर जाडीचे काप करा. दृष्टीच्या फुलीच्या किंचित मागच्या कापात, खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात, हिप्पोकॅम्पसच्या टोकाच्या पुढे तिचा करडा गोळा दिसतो. काप पाण्यात बुडवून पाहिला तर चमक जाते आणि करडे-पांढरे वेगळे कळते.

वापरलेले फॉर्मॅलिन सिंकमध्ये ओतू नका. ते बंद डब्यात ठेवून प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्यात द्या. भेज्याचे तुकडे कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाहीत, याची काळजी घ्या.