नवीन आलेल्या पोट्टे-पोट्ट्यांसाठी: आपल्या कॅम्पसवर डिस्क गोल्फ कसा सुरू करायचा

होस्टेलकडून लायब्ररीकडे जाताना कडुनिंबाखाली लोखंडी पाइपवर साखळ्या लोंबणारा एक पिंजरा दिसतो ना, त्याबद्दल दरवर्षी नवीन बॅच विचारते की दादा हे काय आहे. कोणाला ती कचराकुंडी वाटते, कोणाला पाखरांना दाणे ठेवायची जागा. ती डिस्क गोल्फची एक नंबरची बास्केट आहे, अशा नऊ बास्केट कॅम्पसभर आहेत, शेवटची पार डेअरीच्या मागे. मी इथेच बीएस्सी ॲग्री केलं, आता एमएस्सीला आहे, म्हणजे पाच वर्षं झाली खेळतोय, आणि दरवर्षी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतो.

आधी मी यात कसा आलो ते सांगतो, कारण तुमच्यातले अर्धे जण आज त्याच जागी असतील. दिग्रसकडच्या एका खेड्यातून आलो, घरी कोरडवाहू शेती, शाळेत खेळाचा तास म्हणजे पोट्ट्यांना मैदानात सोडून देणं. इथे आल्यावर पाहिलं तर क्रिकेटची टीम आधीच जमलेली, व्हॉलीबॉलला उंच पोरं, कबड्डीवाले लहानपणापासून खेळणारे. पहिले दोन महिने संध्याकाळी रूमवर पडून राहायचो आणि घरी फोनवर सगळं बरं आहे म्हणायचो. एक दिवस शेजारच्या रूममधल्या सिनियरने दार वाजवलं, म्हणाला, "चाल बे, एक थाळी फेकून पाय." अंधार पडेपर्यंत फेकत होतो. या खेळात तुम्हाला कोणी निवडावं लागत नाही, एकटे असाल तरी चालतं, चौघं असाल तरी चालतं, आणि घरची आठवण फार येत असेल त्या दिवशी एकट्याने नऊ होल फिरून या, झोप लागते, हे मी मनापासून सांगतो.

आता खेळ. गोल्फमध्ये चेंडू भोकात घालतात, इथे डिस्क, म्हणजे प्लास्टिकची चपटी थाळी, बास्केटमध्ये टाकायची, भोक कुठेच नाही पण म्हणायचं होलच. टीवरून, म्हणजे होल जिथून सुरू होतो त्या जागेवरून, पहिली फेक, ती जिथे पडेल तिथून दुसरी, मग तिसरी, बास्केटमध्ये पडेपर्यंत जितक्या फेकी तितका तुमचा स्कोर, कमी असेल तो चांगला. आपले नऊही होल पार तीनचे, म्हणजे तीन फेकीत झालं की बरोबरी, दोनमध्ये झालं तर बर्डी, चार लागल्या तर बोगी. ज्याची डिस्क बास्केटपासून सगळ्यात लांब, त्याची पाळी आधी. पाय डिस्क पडली त्या जागेच्या मागे ठेवायचा. बास्केटपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहायचं, झोक जाऊन पुढे पाऊल पडलं तर ती फेक चुकीची धरतात. साखळीत अडकली किंवा खालच्या जाळीत पडली तर झालं, बास्केटच्या डोक्यावर जाऊन बसली तर नाही. सुरुवातीला एवढे नियम पुरतात.

हा खेळ अमेरिकेतून आला. साखळ्यांची ही बास्केट एड हेड्रिक नावाच्या माणसाने काढली, फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत होते ते, 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स झाला आणि 1976 मध्ये खेळाची संघटना, पीडीजीए, निघाली. त्याआधी लोक झाडाला नाहीतर खांबाला नेम धरून खेळायचे, आणि आपल्या इथेही पहिलं वर्ष असंच गेलं, पळसाच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून. म्हणून सुट्टीत गावी गेलात आणि बास्केट नाही म्हणून खेळ बंद, असं करू नका. धुऱ्यावरची कोणतीही बाभूळ चालते, फक्त काटे सांभाळा.

आपल्या बास्केट गावातल्या वेल्डिंगवाल्या भाऊंनी बनवल्या, त्या दिवशी मी तिथेच बसून होतो. वर सायकलची जुनी रिम, खाली सळई गोल वाकवून केलेली जाळी, मधे पाइप. पहिल्या बास्केटला आम्ही बाजारातून बैलाची साखळी आणली होती, मजबूत म्हणून, तर तिच्यावर डिस्क आपटून परत आपल्याकडेच यायची, कारण जाड साखळी हलतच नाही. मग बारीक कड्यांची आणली तर जोरात मारलेली डिस्क दोन साखळ्यांच्या मधून थेट पलीकडे. भाऊंनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं, मग रिमच्या आत एक लहान रिंग जोडली आणि तिला साखळ्यांचा दुसरा थर दिला, बाहेरच्या दोन साखळ्यांच्या बरोबर मधे येईल असा. त्यानंतर टाकलेली पहिली डिस्क आतल्या थराला लागली, बाहेरच्यात अडकली आणि खाली जाळीत गपकन बसली. तो साखळ्यांचा खळ्ळ आवाज एकदा आपल्या हातून निघाला ना, की माणूस दुसऱ्या दिवशी परत येतोच.

डिस्क कोणती घ्यायची, सगळ्यात जास्त चुका इथे होतात. रुंदीला या साधारण 21 सेंटीमीटर, समुद्रकिनाऱ्यावरच्या फ्रिस्बीपेक्षा लहान आणि जड. पटर (जवळून टाकायची), मिडरेंज (मधल्या अंतराची), फेअरवे ड्रायव्हर आणि डिस्टन्स ड्रायव्हर (लांब फेकायच्या) असे प्रकार. डिस्कवर बहुतेक वेळा चार आकडे छापलेले असतात, पहिला स्पीड, मग ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (वेगात असताना किती वळते) आणि फेड (शेवटी किती वळते). नवीन माणूस स्पीड बारा-तेरावाली उचलतो, वाटतं हीच लांब जाईल. ती जात नाही. तिला हवी तेवढी गती आपला हात अजून देऊ शकत नाही, म्हणून ती थोडं पुढे जाऊन सरळ डावीकडे घसरते. याचं कारण भोवऱ्यावरून कळतं, भोवरा वेगात असतो तोवर ताठ, वेग कमी झाला की कलतो, तसंच डिस्कचं. उजव्या हाताने छातीसमोरून फेकली, म्हणजे बॅकहँड, तर ती वरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि दम संपताना डावीकडे जाते, यालाच फेड म्हणतात. डावखुऱ्यांचं सगळं उलट. म्हणून पहिले तीन महिने एक पटर आणि एक मिडरेंज, स्पीड पाचपर्यंतच, वजन 150 ते 170 ग्रॅमच्या मधलं, बस. आपला सर्वात लांब होल 85 मीटरचा आहे आणि पहिला फक्त 48, ड्रायव्हर लागतोच कुठे. विकत घ्यायची घाई पण करू नका, डिस्क स्वस्त नाहीत, आमच्याकडे चार जास्तीच्या आहेत, त्या वापरा.

फेक मी सिनियरकडून शिकलो पण समजली ती चौकीदार काकांकडून. काका रोज संध्याकाळी खुर्ची टाकून आमचं बघत बसायचे, एक दिवस उठले, म्हणाले, "आन इकडे ते." माझ्या हातातली पटर घेतली, दोनदा तळहातावर तोलली, पावलं न हलवता सहा-सात मीटरवरून सोडली आणि ती साखळीत. आम्ही बघतच राहिलो. काका म्हणाले, "जवारीत माळ्यावर बसून गोफण मारली हाय मी पंधरा वर्षं. जोर लावून गोटा जात नाही बाप्पा, सोडाचा टाइम असते." मला त्या दिवसापर्यंत वाटायचं खांद्यातून ताकद काढायची असते. नंतर लक्षात आलं की डिस्क छातीजवळून सरळ रेषेत ओढायची आणि ती हातातून आपोआप सुटली पाहिजे, आपण सोडली असं वाटलं की उशीर झालेला असतो. हात गोलाकार फिरवला तर ती उजवीकडे रस्त्यावर जाते.

दुसरी गोष्ट सपाटपणा. पाण्याने भरलेली परात घेऊन चाललो आहोत आणि एक थेंब सांडायचा नाही, असं धरा. पुढची कड वर उचलली गेली की डिस्क आकाशात चढते, थांबते आणि खाली पडते, लांबी शून्य. पळत येऊन फेकायचं महिनाभर डोक्यातच आणू नका, दोन पाय जमिनीवर, कंबर वळवा, फेका. हवा समोरून असेल तर डिस्क जास्त वळते आणि वर उचलली जाते, तेव्हा थोडी खाली आणि हळू मारायची. मागून असेल तर लवकर बसते. मार्च-एप्रिलच्या दुपारी जी वावटळ सुटते तिच्यात मात्र कोणाचंच काही चालत नाही.

आणि पटिंग, म्हणजे जवळून बास्केटमध्ये टाकणं. लोक तासन्‌तास लांब फेकायची प्रॅक्टिस करतात आणि तीन मीटरवरून चुकतात. स्कोर तिथे बिघडतो राजेहो! मेसला जायच्या आधी एक नंबरच्या बास्केटसमोर चार मीटरवर उभं राहून रोज तीस पट मारा, एका महिन्यात फरक दिसेल, माझ्या दोन-दोन फेकी प्रत्येक राउंडला फक्त यानेच कमी झाल्या.

कोर्सबद्दल थोडं. पहिले तीन होल मोकळे, चुकायला जागाच नाही. चौथ्याला नाल्याच्या काठाने बेशरमीची झुडपं आहेत, डिस्क आत गेली तर हात घालू नका, काठीने ओढा, इथे घोणस निघालेली आहे आणि पावसाळ्यात तर हमखास फिरते. पाच ठीक. सहावा होल मला सगळ्यात जास्त सांगायचा आहे. त्याच्या डाव्या बाजूला तुरीचा ट्रायल प्लॉट, म्हणजे प्रयोगाचा तुकडा आहे. पहिल्या वर्षी माझी डिस्क त्यात गेली आणि मी सरळ आत शिरलो, दोन ओळी तुडवल्या, फांद्या मोडल्या. प्लॉटवर काम करणाऱ्या मावशी ओरडल्या, "मैदान हाय का हे? कोणाचं तरी सालभराचं काम हाय ना बाबू!" तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण आता मी स्वतः ट्रायल घेतोय तर कळतं, एका प्लॉटमधली दोन झाडं गेली की त्या रेप्लिकेशनचं, म्हणजे प्रयोगाच्या त्या आवृत्तीचं, उत्पादन चुकीचं येतं आणि कोणाच्या तरी थीसिसचा आकडा बिघडतो. म्हणून प्लॉटची कड म्हणजे आउट ऑफ बाउंड्स. डिस्क आत गेली की एक फेक दंड, जिथून कड ओलांडली तिथून एक मीटर कोर्सच्या बाजूला येऊन पुढे खेळायचं, आणि डिस्क काढायला आधी प्लॉटवरच्या माणसाला विचारायचं. यावर आम्ही कोणालाच सूट देत नाही.

सात आणि आठ रस्त्याच्या बाजूने जातात. दूधवाले, सायकलवरचे कर्मचारी, गवताचा भारा डोक्यावर घेतलेल्या बाया, सगळे तिथून जातात आणि भारा डोक्यावर असला की बाजूचं दिसत नाही. पावणेदोनशे ग्रॅमची डिस्क कानाला लागली तर काय होईल विचार करा. कोणी दिसलं की थांबायचं, ते पार गेल्यावरच फेकायचं, आणि चुकून कोणाच्या दिशेने गेलीच तर लाज न बाळगता जोरात ओरडायचं.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोनं. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला इतकी चिकटते की पाचव्या होलपर्यंत पाय दोन-दोन किलोचे होतात, एक जुनं फडकं कमरेला ठेवा, ओली डिस्क हातातून निसटते. उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करून आठच्या आत संपवा, नंतर ऊन बाधतं, आणि डिस्क बंद गाडीत ठेवू नका, प्लास्टिक वाकडं होतं. त्याच दिवसांत जमिनीला भेगा पडतात, डिस्क कधी कधी त्या भेगेत उभी जाऊन बसते आणि चार पावलांवरूनही दिसत नाही, म्हणून पडताना नजर हलवू नका, मागे काय आहे ते झाड, तो खांब लक्षात ठेवा. नऊ होलांना चौघांत एक तास लागतो, त्यामुळे अभ्यास बुडतो हे घरच्यांना सांगायचं कारण नाही, पण सेमिस्टर एंडला मीही फक्त पटिंगच करतो. मुलींच्या होस्टेलची वेळ आडवी येते म्हणून त्यांची बॅच सकाळची आहे, रविवारी सहाला, आणि खरं सांगायचं तर सध्या कोर्सवरचा सर्वात कमी स्कोर त्याच बॅचमधल्या सेकंड इयरच्या एकीचा आहे.

डिस्क घेतली की पहिलं काम, मागच्या बाजूला परमनंट मार्करने नाव आणि मोबाइल नंबर लिहायचा, जाडसर अक्षरात, आणि पुसट झाला की परत गिरवायचा. माझी गुलाबी मिडरेंज नवव्या होलला डेअरीमागच्या वावरात गेली होती, दोन संध्याकाळी शोधली, सोयाबीन गुडघ्याच्या वर आलेलं, शेवटी नाद सोडला. पुढच्या मे महिन्यात मी रूमवर जेवत होतो तर अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि एक माणूस मोठ्याने विचारतोय, "हॅलो, वखरणीत एक गुलाबी थाळी निंगाली बाप्पा, तुमचीच हाय का?"