मुलाला सभाधीट कसं करावं: स्टेजची भीती घालवण्याची दोन आठवड्यांची तयारी

घरात भाषण धडाधड म्हणून दाखवणारं मूल स्टेजवर गेलं की त्याची बोबडी वळते. मग आपण म्हणतो, पाठांतर कमी पडलं. बहुतेक वेळा तसं नसतं. पाठांतर पक्कं असतं, पण ते सोफ्यावर लोळत केलेलं असतं. उभं राहून, सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत बोलायची सवय झालेली नसते. म्हणून शब्दांइतकीच उभं राहण्याचीही तालीम हवी, आणि त्यासाठी निदान दोन आठवडे हाताशी असावेत.

आधी मुलाला शरीराबद्दल सांगा

भीती वाटली की अंगातलं ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं. छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होऊन तोंडाला कोरड पडते. यातलं काहीच धोक्याचं नाही आणि काही मिनिटांत ते ओसरतं, एवढं मुलाला कळलं तरी निम्मी धास्ती जाते. ‘घाबरू नकोस’ म्हणण्याचा उपयोग नसतो, कारण धडधड हुकमाने थांबत नाही. त्यापेक्षा ‘अंग तयारीला लागलंय’ म्हणा. हार्वर्डच्या संशोधक ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांची भाषणं सरस ठरली होती. ते प्रयोग मोठ्यांवरचे होते, पण मुलांबरोबर करून बघायला काहीच हरकत नाही.

मजकूर बेताचा ठेवा

दोन मिनिटांसाठी 200 ते 220 शब्द पुरेत. जास्त लिहिलं की मूल वेळेत संपवायला पळत सुटतं आणि त्याला धाप लागते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं वाक्य अक्षरन् अक्षर पाठ असू द्या. मधले चार-पाच मुद्दे क्रमाने लक्षात ठेवून स्वतःच्या शब्दांत बोलू द्या. घोकंपट्टी साखळीसारखी असते, एक कडी निसटली की पुढचं काहीच आठवत नाही. कविता असेल तर शब्द बदलता येत नाहीत. तिथे अधूनमधून ‘आता तिसऱ्या कडव्यापासून’ असं म्हणायचं. मधूनच सुरुवात करता आली की पाठांतर खरं पक्कं.

एकेक पायरी चढवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पहिल्या दिवशी बंद खोलीत एकट्याने, पण उभं राहून आणि मोठ्याने. मग घरातल्या एका माणसासमोर, मग तीन-चार जणांसमोर. त्यानंतर क्वचित भेटणाऱ्या एखाद्या पाहुण्यासमोर. ही पायरी हमखास वगळली जाते आणि तीच महत्त्वाची असते. शेवटी जमलं तर प्रत्यक्ष स्टेजवर, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

प्रत्येक वेळी विचारा, ‘शून्य ते दहामध्ये किती भीती वाटली?’ आकडा तीनपर्यंत उतरला की पुढची पायरी. आठवर अडला असेल तर ढकलू नका, मधली सोपी पायरी शोधा: पाहुण्याला फक्त पहिली दोन वाक्यं ऐकवायची, किंवा त्याच्याकडे पाठ करून म्हणायचं. मात्र भीती ऐन भरात असताना ‘राहू दे, बस’ म्हणून सुटका करू नका. पळालं की बरं वाटतं, आणि नेमकं तेच मुलाच्या डोक्यात बसतं. दोन वाक्यं का होईना, बोलूनच खाली बसू द्या.

चुकण्याचीही तालीम करा

मूल बोलत असताना मुद्दाम खोका, दार आपटा, स्वयंपाकघरात एखादं भांडं पाडा. ते थांबेल, हसेल, कदाचित चिडेलही. तेव्हाच शिकवा: तोंड मिटायचं, एक श्वास घ्यायचा, शेवटचं वाक्य पुन्हा म्हणायचं, तरीही आठवलं नाही तर सरळ पुढचा मुद्दा. काय राहून गेलं हे श्रोत्यांना माहीतच नसतं. जीभ चावणं, ‘सॉरी’ म्हणणं या सवयी इथेच मोडा.

श्वासाचंही तसंच. नाकाने चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. उच्छ्वास लांबला की नाडी मंदावते. हे रोज झोपताना करून घ्या; ऐन वेळी विंगेत पहिल्यांदा करायला गेलं की मूल भराभर श्वास ओढतं आणि त्याला गरगरतं.

कार्यक्रमाच्या दिवशी

दीड-दोन तास आधी हलकं खाणं, बोलण्याआधी दोन घोट साधं पाणी, आणि लघवीला जाऊन येणं. माईक हनुवटीच्या उंचीवर आणि तोंडापासून चार-पाच बोटं दूर असावा. उंच असेल तर कार्यक्रमाआधीच खाली करून घ्या, टाचा उंचावून बोलणाऱ्या मुलाचा आवाज फाटतो. हातात पातळ कागद नको. तो थरथरतो, ते मुलाला दिसतं आणि थरथर आणखी वाढते. मुद्दे जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहा. पाय खांद्याइतके फाकवलेले. नजर डावीकडे, मधे, उजवीकडे अशा तीन ओळखीच्या चेहऱ्यांवर फिरती.

त्यातला एक चेहरा तुमचा असेल तर ओठ हलवून वाक्यं पुरवू नका. मूल श्रोत्यांना सोडून तुमचे ओठच वाचत बसतं.

खाली उतरल्यावर पहिला प्रश्न ‘कसं वाटलं?’ एवढाच. चुकलेलं वाक्य त्या दिवशी काढायचं नाही. व्हिडिओ दोन दिवसांनी, तोही मुलाला हवा असेल तरच. पुढची छोटीशी संधी महिन्याभरात मिळेल असं बघा, नाहीतर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं.

घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिन्याहून जास्त काळ कुणाशीच बोलत नसेल, किंवा कार्यक्रमाच्या नुसत्या विचाराने त्याला आठवडाभर उलट्या होत असतील, झोप उडाली असेल, तर हे सगळं थांबवून बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.