मध्यरात्री जाग आली तर पुन्हा झोप कशी लागेल?

रात्रीतून दोन-चारदा जाग येणं हा आजार नाही. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी चालते आणि फेरी संपताना ती सावध होते. एरवी आपण कूस बदलून पुन्हा झोपतो, सकाळी ते आठवतही नाही. त्रास होतो तो टक्क जागं राहिल्यावर.

आधी सोपं ते. घड्याळ बघू नका, बघितलं की किती तास उरले याचा हिशेब सुरू होतो. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. लघवीला जायचं असेल तर मंद दिव्यात जाऊन या.

अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही, तर अंथरुणातून उठा. खरी कसोटी इथे आहे. ‘नुसतं पडून राहा, तेवढीच विश्रांती’ हा सल्ला मला जो तो देतो, आणि तळमळणाऱ्याला तो हमखास खड्ड्यात घालतो. रोज तिथेच तळमळलात की अंथरूण म्हणजे जागरण अशी सवय शरीराला लागते. ती मोडण्याची ही पद्धत रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये मांडली. ऐकायला सोपी आहे, पण ऊबदार पांघरूण बाजूला सारणं मला फार जड गेलं. म्हणून खुर्ची, शाल, मंद दिवा आणि पुस्तक झोपण्याआधीच मांडून ठेवायचं. पुस्तक आधी वाचलेलं हवं; रहस्यकथा तर अजिबात नको. घरकाम काढू नका, खायला काही शोधू नका.

परत कधी जायचं, इथे बहुतेकांची गफलत होते. कंटाळा आला किंवा अंग दमलं म्हणून जाऊ नका, पेंग आली तरच जा. तीच ओळ पुन्हा वाचली जातेय, मान कलतेय, डोळे मिटताहेत, ही खूण. आडवं झाल्यावर पुन्हा जाग राहिली तर पुन्हा उठा. हो, वैताग येतो. सुरुवातीच्या रात्री झोप आणखी कमीच होईल, तरी सकाळी ठरलेल्या वेळीच उठायचं आणि दुपारी लवंडायचं नाही. ही साठलेली झोपच पुढच्या रात्री कामाला येते. मात्र उठताना चक्कर येत असेल किंवा पडण्याची भीती असेल, तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

दुपारनंतर चहा-कॉफी बंद; कॅफीनचा निम्मा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असू शकतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोपेचं खोबरं होतं.

आठवड्यातून तीन रात्री, असं तीन महिने चाललं तर डॉक्टरांकडे जा. जोरात घोरणं किंवा श्वास अडकून दचकून उठणं असेल, तर इतकंही थांबू नका. गोळी मागण्याआधी निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराबद्दल विचारा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्ये दीर्घकाळच्या निद्रानाशासाठी तोच पहिला उपचार म्हणून सुचवला, आणि वर सांगितलेली उठण्याची पद्धत त्याचाच भाग आहे.