विमान निघताना रॅम्पवर कुठे उभं राहायचं

रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करून त्यांची कामं करतात त्या जागेवर, नव्याने येणाऱ्यांना धास्ती असते ती विमान आल्यावरच्या धावपळीची. सामान उतरवा, शिड्या लावा, चहूबाजूंनी गाड्या. मला विचाराल तर जास्त जपायची वेळ वेगळीच आहे: पुशबॅक (टग नावाच्या गाडीने विमान मागे ढकलणं) संपत आल्यापासून विमान स्वतःच्या जोरावर हलेपर्यंतची काही मिनिटं. तोवर सगळ्यांना वाटत असतं की आपलं काम उरकलं. इंजिनं मात्र नेमकी तेव्हाच सुरू असतात.

पहिली खूण लाल बीकनची. विमानाच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा हा दिवा लागला, की इंजिन चालू आहे किंवा आता होणार आहे असं धरायचं. त्यानंतर पुशबॅकवरची ठरलेली माणसं सोडून कुणाचंच विमानाजवळ काम नाही. कानांच्या भरवशावर राहू नका. कानांवर आवाज अडवणारे मफ्स असतात, शेजारच्या बेवर (विमान उभं करायच्या जागेवर) दुसरंच विमान गर्जत असतं. इंजिनाच्या तोंडाशी मधोमध जो शंकू दिसतो, त्यावर पांढरी वळणदार रेघ रंगवलेली असते. ती शोभेसाठी नाही. रेघ फिरताना दिसली की इंजिन फिरतंय.

बोइंग 737-800चं इंजिन नुसतं आयडलवर, म्हणजे सगळ्यात कमी जोरावर, असलं तरी पुढे साधारण 3 मीटर आणि मागे साधारण 30 मीटरपर्यंत धोका असतो. थ्रस्ट (इंजिनाचा जोर) वाढला की दोन्ही अंतरं वाढतात, आणि जागेवरून निघण्यासाठी तो थोडा वाढवावाच लागतो. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईत विमान निघण्याच्या तयारीत असताना एक तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन दगावला. 31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेत माँटगोमेरीला तसंच घडलं, तिथे विमान नुकतंच बेवर आलं होतं. एपीयू (जमिनीवर वीज पुरवणारं विमानातलं छोटं इंजिन) बंद असल्याने जमिनीवरची वीज जोडेपर्यंत एक इंजिन चालू ठेवलं होतं. कर्मचाऱ्यांना तशी सूचना आधी दिलेली होती, बीकनही लागलेला होता. म्हणून मी नव्यांना सांगतो, ब्रीफिंग ऐकून मान डोलावू नका. ‘कुठलं इंजिन, डावं की उजवं’ हे तोंडाने विचारून घ्या.

आता नाकाच्या चाकाजवळचं काम. तिथे लाल फीत लावलेली बायपास पिन असते. ती आत असेपर्यंत वैमानिकाचं स्टिअरिंग चाकापासून तोडलेलं असतं. पिन नसताना हायड्रॉलिक दाब आला, तर चाक झटक्यात वळतं आणि टो बार (टगला चाकाशी जोडणारा दांडा) आडवा फेकला जातो. त्या तडाख्यात पाय सापडला तर हाड राहत नाही. त्यामुळे टो बार ओलांडायचा नाही, आणि विमान सरकत असताना चाकाशेजारून चालायचं नाही.

पुशबॅक थांबल्यावर हेडसेटवर ‘पार्किंग ब्रेक सेट’ ऐकू येईपर्यंत टो बारला हात लावू नका. मग टो बार सुटतो, टग बाजूला होतो, पिन निघते, शेवटी हेडसेटची वायर काढून ती जोडायच्या जागेची झडप बंद. या क्षणापासून वैमानिकाशी बोलायचा मार्ग संपला, उरले फक्त हात. बहुतेक विमानांत कॉकपिटमधून नाकाचं चाक दिसतच नाही. म्हणजे तुम्ही नाकाखाली घुटमळत असाल तर वैमानिकाच्या लेखी रस्ता मोकळा आहे! हेडसेटवर ठरलेल्या बाजूनेच बाहेर या, इंजिनापासून लांब, विमानाला पाठ न दाखवता. जिथून वैमानिकाचा चेहरा दिसतो तिथे उभे राहा. पिन फितीसकट उंच धरा, अंगठा दाखवा आणि वरून उत्तर येईपर्यंत हलू नका. आमच्यातले काही जण पिन दाखवता दाखवताच टगकडे चालू लागतात. मला ते अजिबात पटत नाही.

काही राहिलंच, समजा झडप उघडी दिसली, तर पळत परत जायचं नाही. समोरूनच दोन्ही हात डोक्यावर फुली करून थांबण्याची खूण द्यायची. ब्रेक लावल्याची खूण मिळाली, की मगच जवळ जाऊन हेडसेट पुन्हा जोडायचा.

एटीआरसारख्या पंखेवाल्या विमानांची गंमत वेगळी. पंखा जोरात फिरत असला की पाती दिसेनाशी होतात. उलट ‘हॉटेल मोड’मध्ये उजवं इंजिन चालू असतं आणि पंखा ब्रेकने थांबवलेला. नवा माणूस दोन्हीकडून फसतो. थांबलेल्या पंख्याच्या वाटेतूनही जाऊ नका.

बाकी किरकोळ: गळ्यात लोंबणारं ओळखपत्र जॅकेटच्या आत, सैल टोपी नकोच, खिशातलं पेन चेन लावलेल्या कप्प्यात. हेडसेटची परवानगी मिळायला वेळ लागतो, तोवर पंखाच्या टोकाशी उभं राहायची ड्यूटी मागून घ्या. मागे वळलेल्या पंखांचं टोक वळताना किती बाहेर झेपावतं ते तिथूनच कळतं. टगचालकाला तुम्ही दिसेनासे झालात तर त्याने गाडी थांबवायला हवी, म्हणून त्याच्या नजरेत राहा. निघायला उशीर होतोय म्हणून कुणी ओरडलं तर ओरडू द्या. उशिराचं कारण लिहायला फॉर्मवर रकाना असतो.