माहितीये की नुसतं वाटतंय, हे कसं ठरवायचं

सगळ्यात आधी खात्री बाजूला ठेवा. एखादी गोष्ट किती ठाम वाटते यावरून ती माहीत आहे की नुसती मानलेली आहे हे कळत नाही, कारण आतून दोन्ही सारख्याच वाटतात, चुकीच्या गोष्टीची खात्री असलेल्या माणसाला ती चुकीची वाटतच नसते ना. आणि बहुतेक जण नेमके इथेच थांबतात, "मला पक्कं माहितीये" म्हटलं की विषय संपला. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो, कारण औषध घ्यायचं की नाही, पैसे गुंतवायचे की नाही, एखाद्या माणसाबद्दल मत बनवायचं की नाही, सगळं या एका फरकावर उभं असतं. म्हणून ही रीत जरा सविस्तर.

पहिलं काम म्हणजे वाक्य नीट लिहून काढा. "ते औषध चांगलं आहे" हे तपासता येत नाही. "ते औषध घेतलं तर ताप न घेणाऱ्यांपेक्षा लवकर उतरतो" हे तपासता येतं. फरक एवढाच की दुसऱ्या वाक्यात ते खरं असेल तर जगात काय दिसेल आणि खोटं असेल तर काय दिसेल, दोन्ही सांगितलंय. कितीही खटपट केली तरी वाक्य असं लिहिताच येत नसेल तर ते बहुतेक मत आहे, आवड आहे किंवा मूल्य आहे, त्याची वेगळी गोष्ट, खाली येतोच त्यावर.

मग विचारा की हे माझ्यापर्यंत आलं कसं. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानातल्या तर्काच्या शाखेत, यासाठी चार वाटा सांगितल्यात, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, म्हणजे स्वतः अनुभवलं, एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधला, माहीत असलेल्या वस्तूशी साम्य बघून ओळखलं, किंवा भरवशाच्या माणसाने सांगितलं. चार्वाक, म्हणजे जुने भारतीय जडवादी, म्हणायचे फक्त प्रत्यक्ष धरा, बाकी सोडा. भाट्ट मीमांसकांनी, म्हणजे वेदांच्या अर्थाचा विचार करणाऱ्या कुमारिल भट्टाच्या परंपरेने, आणखी दोन वाटा जोडून सहा केल्या. कितीही धरा, पण वाट लिहा. "कुठेतरी वाचलं होतं", "सगळेच म्हणतात", "असंच असतं" असं उत्तर आलं तर ते वाक्य आत्ता तरी मानलेल्या गोष्टींमध्ये टाका. खोटं आहे म्हणून नाही हं, वाट सापडत नाही म्हणून.

आता मुख्य प्रश्न, आणि बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हा ठेवा: ही गोष्ट खोटी असती, तर ज्या वाटेने ती माझ्याकडे आली त्याच वाटेने मला ते कळलं असतं का?

भिंतीवर घड्याळ आहे, तुम्ही बघता, पावणेपाच झालेत, आणि खरंच पावणेपाच झालेत. पण घड्याळ कालपासून बंद आहे, काटे योगायोगाने बरोबर जागी आहेत. तुमचं म्हणणं खरं आहे, कारणही वाजवी आहे, घड्याळ बघूनच तर वेळ सांगतात. तरी तुम्हाला वेळ माहीत होती असं कोणी म्हणणार नाही, कारण साडेसहा वाजले असते तरी तुम्ही पावणेपाचच म्हणाला असतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, बास.

ज्ञान म्हणजे खरी असलेली आणि सबळ कारणासकट मानलेली गोष्ट, असा विचार प्लेटोपासून चालत आलेला, आणि १९६३ मध्ये एडमंड गेटियर नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने जेमतेम तीन पानांच्या लेखात दाखवून दिलं की एवढ्याने भागत नाही, कारण असूनही आणि गोष्ट खरी असूनही ते नुसतं नशीब असू शकतं. पण हेच आठव्या शतकात बौद्ध पंडित धर्मोत्तराने मांडलेलं होतं. वाळवंटात तहानलेल्या माणसाला मृगजळ दिसतं, तो पाणी समजून तिकडे जातो आणि तिथे खरोखरच खडकाखाली पाणी निघतं. पाणी मिळालं, पण पाणी आहे हे त्याला माहीत होतं का? पाणी नसतं तरी मृगजळ दिसलंच असतं! वर जो प्रश्न दिलाय तो या सगळ्यातून पुढे आलेला, रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये साधारण याच रूपात मांडला, आणि रोजच्या वापराला इतकं धारदार दुसरं काही मला सापडलेलं नाही.

आता हा प्रश्न एकेका वाटेला लावून बघू.

स्वतः पाहिलेलं. यावर आपला सगळ्यात जास्त भरवसा असतो, पण डोळा अपेक्षेच्या मागे जातो. १९०३ मध्ये ब्लोंदलो या नामांकित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने एन-किरण नावाचे नवे किरण सापडल्याचं जाहीर केलं, ते अंधाऱ्या खोलीत अगदी मंद उजेडात झालेला बारीक बदल डोळ्यांनी बघून ओळखायचे, आणि इतर संशोधकांनाही ते दिसायला लागले. १९०४ मध्ये रॉबर्ट वूड हा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत गेला आणि अंधारात त्याने उपकरणातला प्रिझम गुपचूप काढून घेतला, ज्याच्याशिवाय ते मोजमाप शक्यच नव्हतं. तरी आकडे तसेच येत राहिले. कोणी लबाडी करत नव्हतं, त्यांना खरंच दिसत होतं. म्हणून पाहिलेल्या गोष्टीबद्दल विचारायचं की मला आधीपासून काय दिसायची अपेक्षा होती, ती नसती तर हेच दिसलं असतं का, आणि ज्याला यातलं काही माहीत नाही अशा माणसाला दाखवलं तर तो काय सांगेल.

अनुमान. इथे जरा थांबतो आपण, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. युरेनस हा ग्रह गणितात बसेल तसा फिरत नव्हता, त्यावरून ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने अंदाज बांधला की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढतोय, आणि तो कुठे असेल हे कागदावर काढलं. २३ सप्टेंबर १८४६ ला बर्लिनच्या वेधशाळेत गालेने दुर्बीण लावली तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या कक्षेतही फरक दिसला तेव्हा त्याच माणसाने तीच युक्ती वापरली, सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार, त्याला व्हल्कन नावही मिळालं. १८५९ मध्ये एका हौशी निरीक्षकाने तो पाहिल्याचं कळवलं, नंतर १८७८ च्या सूर्यग्रहणातही काहींनी दिसल्याचं सांगितलं. ल व्हेरिए १८७७ मध्ये वारला तोपर्यंत त्याचा व्हल्कनवर विश्वास होता. पण व्हल्कन नाहीये. बुधाच्या कक्षेतला तो शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक आइन्स्टाइनच्या १९१५ च्या सामान्य सापेक्षता सिद्धांताने समजला, त्याला कुठलाही ग्रह लागला नाही.

बघा, माणूस तोच, हुशारी तीच, तर्क तोच, खात्रीही तेवढीच. फरक पडला तो पडताळ्यात. नेपच्यूनच्या वेळी "इथे बघा" असं सांगून टाकलं होतं, तिथे काही नसतं तर लगेच उघडं पडलं असतं. व्हल्कन एका जागी नाही दिसला की दुसरीकडे शोधायचा, तिथे नाही तर तिसरीकडे, म्हणजे नाही दिसला तरी मान्यता शिल्लक राहायची. तुमच्या अनुमानाचं पण हेच तपासा, उलटं घडलं तर मी काय म्हणेन? त्यालाही माझ्याकडे उत्तर तयार असेल तर ते अनुमान मला काही सांगत नाहीये.

याच्या जोडीला एक सवय मोडावी लागते. पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९६० मध्ये लोकांना २, ४, ६ हे आकडे दिले आणि म्हणाला यामागचा नियम ओळखा, तुम्ही स्वतः तीन-तीन आकडे सुचवा, मी ते नियमात बसतात का ते सांगतो. बरेच जण ८, १०, १२ असे आपल्या अंदाजाला धरून असलेलेच आकडे विचारत गेले, प्रत्येक वेळी हो ऐकलं आणि खात्रीने चुकीचा नियम सांगून मोकळे झाले. नियम होता फक्त चढते आकडे. १, २, ३ विचारलं असतं तरी "दोनने वाढणारे" हा अंदाज तिथेच पडला असता. तेव्हा होकार मिळेल असा प्रश्न विचारण्यापेक्षा आपला अंदाज खरा असेल तर नकारच यायला हवा असा प्रश्न मुद्दाम विचारा.

दुसऱ्याचा शब्द. हे कमी प्रतीचं ज्ञान आहे असं समजू नका प्लीज, आपल्याला जे माहीत असतं त्यातलं बहुतेक सगळं असंच आलेलं असतं, स्वतःची जन्मतारीखसुद्धा. वात्स्यायनाने न्यायदर्शनावर लिहिलेल्या न्यायभाष्यात भरवशाच्या माणसाच्या, म्हणजे आप्ताच्या, मुख्य अटी आहेत, त्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली हवी आणि जशी कळली तशीच सांगायची इच्छा हवी. मी अजून एक जोडेन, तो चुकला तर त्याला पकडणारं कोणी आहे का? आणि तज्ज्ञ त्याच्या विषयात तज्ज्ञ असतो, हृदयरोगतज्ज्ञाचं अर्थव्यवस्थेबद्दलचं मत तुमच्या-माझ्या मताएवढंच धरा.

शब्दाच्या बाबतीत मोजणी फार फसवते. दहा जणांकडून तोच मेसेज आला आणि दहाही जणांनी एकाच ठिकाणाहून उचललेला असेल तर साक्षीदार एकच आहे. शिवाय १९७७ मधल्या एका प्रयोगात दिसलं की तीच विधानं काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा ऐकवली की लोकांना ती जास्त खरी वाटायला लागतात, मग ती खरी असोत की खोटी. ओळखीचं वाटणं आणि खरं वाटणं यांची मनात सरमिसळ होते. तेव्हा खोटं असतं तरी हे माझ्यापर्यंत एवढ्याच वेळा आलं असतं का, हे विचारायचं, आणि फॉरवर्डच्या बाबतीत उत्तर बहुतेक वेळा हो येतं.

आठवण. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारे, स्मृतीला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाची वेगळी वाट, मानतच नाहीत, ती आधीच्या अनुभवावर उभी असते म्हणून. १९८६ मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान कोसळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी नाइसर आणि हार्श या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली, आणि अडीच-तीन वर्षांनी परत विचारलं. अनेकांची उत्तरं बदललेली होती आणि तरी खात्री भरपूर होती, स्वतःच्या हातचा जुना कागद समोर ठेवला तरी काहींना नवीच आठवण खरी वाटत राहिली. महत्त्वाचं असेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा, एवढंच.

"दिसलं नाही" ही पण एक वाट आहे, भाट्ट मीमांसक तिला अनुपलब्धी म्हणतात आणि तिला एक सुंदर अट घालतात, ती वस्तू असती तर दिसली असती अशी परिस्थिती हवी. उजेडाच्या खोलीत हत्ती दिसला नाही म्हणजे हत्ती नाही. सुई दिसली नाही म्हणजे सुई नाही असं होत नाही. एखाद्या आजाराची टेस्ट लागण झाल्यावर फार लवकर केली आणि निगेटिव्ह आली तर ती सुईची केस आहे. "काही पुरावा नाही" असं कोणी म्हटलं की कोणी शोधला, कसा शोधला, असता तर सापडला असता का, हे तिन्ही विचारा.

आता कोणी म्हणेल की असं विचारत गेलं तर काहीच माहीत उरणार नाही, हे सगळं स्वप्न असतं तर मला कुठे कळलं असतं? बरोबर, नसतं कळलं. म्हणून शंकेला हद्द लागते, आणि ती उदयनाचार्यांनी, दहाव्या-अकराव्या शतकातले नैयायिक, फार नेमकी सांगितलीये. शंका तिथपर्यंतच चालते जिथे ती आपल्याच वागण्याला छेद द्यायला लागते. विस्तवाशिवाय धूर होतो की काय अशी शंका घेणारा माणूस धूर हवा असला की विस्तवच पेटवतो ना, मग ती शंका त्याला खरी नाहीच, नुसती बोलायची आहे. जी शंका घेतली तर तुम्ही खरंच वेगळं वागाल, दुसरी टेस्ट कराल, दुसऱ्याला विचाराल, सही करायची थांबवाल, तेवढीच घ्या.

आणि परीक्षेत बसलं नाही म्हणून फेकून द्यायचं नाही. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, त्याच्याकडे जुळणारे किनारे आणि सारखे जीवाश्म होते, पण खंड हलवणारी जी बलं त्याने सुचवली ती फारच अपुरी होती. समुद्रतळाच्या अभ्यासातून १९६० च्या दशकात भक्कम पुरावे आले तेव्हा ते पक्कं झालं. मधल्या काळात ती खरी असलेली पण अजून सिद्ध न झालेली गोष्ट होती, आणि "शक्यता चांगली आहे, पडताळा बाकी" असं म्हणणारा माणूस दोन्ही बाजूंच्या ठाम लोकांपेक्षा बरोबर होता. अशा गोष्टींना बोलताना "मला वाटतं" लावा, "माहितीये" नको.

श्रद्धा, प्रेम, कोणावर टाकलेला भरवसा, काय न्याय्य आहे याबद्दलची धारणा, यांना हा प्रश्न सरसकट लावू नका. मित्रावरचा विश्वास पुरावे मोजून ठेवायचा नसतो. पण त्या श्रद्धेतून जगाबद्दलचं एखादं विधान बाहेर पडलं, अमुक केल्याने आजार बरा होतो, तमुक दिवशी अमुक घडणार, की ते विधान तेवढं या परीक्षेला बसतं, श्रद्धा कोणाचीही असो.

शेवटचं, माहीत असलेल्या गोष्टीपुढे तारीख टाका. शनीचे माहीत असलेले चंद्र २०१९ मध्ये ८२ होते, २०२३ मध्ये १४५ झाले, २०२५ मध्ये २७४. यातलं ८२ सांगणारा २०१९ मध्ये चुकत नव्हता, आज तोच आकडा सांगितला तर चुकेल, आणि त्याच्या मनात मधल्या काळात काहीच बदललेलं नसेल. आकडे, नियम, औषधांचे डोस, कोण कुठल्या पदावर आहे, असल्या गोष्टी शेवटच्या कधी तपासल्या ते सोबत लिहून ठेवा आणि वापरायच्या आधी परत बघा.