दाढीनंतर मानेवर पुळ्या का येतात?

कुरळा केस त्वचेच्या अगदी लगत कापला की त्याचं टोक तिरकं आणि अणकुचीदार होतं. वाढताना ते वळून पुन्हा कातडीत घुसतं, मग तिथे लाल, खाजरी पुळी उठते. मानेवर हे जास्त होतं, कारण तिथले केस वेगवेगळ्या दिशांना वाढतात. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात घाम त्यावर चुरचुरतो, तो त्रास वेगळाच.

दाढी अंघोळीनंतर करा. नाहीतर आपला सोलापुरी टॉवेल कोमट पाण्यात पिळून २-३ मिनिटं गालांवर धरा, केस मऊ पडतात. बोअरच्या जड पाण्यात फेस नीट होत नसेल तर दाढीपुरतं पिण्याचं पाणी घ्या. फेस लावून मिनिटभर थांबा. मग केसांच्या दिशेनेच, न दाबता रेझर फिरवा. कातडी ताणू नका: ताण सुटला की कापलेलं टोक आत ओढलं जातं. तीन-चार पात्यांच्या रेझरनेही हेच होतं, म्हणून एक पातं बरं. ५-७ दाढ्यांनंतर ते बदलाच.

पुळ्या आल्याच असतील तर त्या बसेपर्यंत, शक्यतो महिनाभर, दाढी थांबवा. फारच अडलं तर ट्रिमरने १ मिलिमीटर खुंट ठेवा. थंड पाण्याची पट्टी ५-१० मिनिटं ठेवा. तुरटी, स्पिरिटवालं आफ्टरशेव्ह नको. केस नखाने उकरू नका, डाग राहतात. मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब मनाने आणू नका. पू झाला तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.