मॅनेटमध्ये आयपी पत्ता आपोआप घेणं : प्रोजेक्टला हात घालण्याआधी

एमटेकला हा विषय घेणारे बरेच जण डीएचसीपीपासून (सर्व्हरने पत्ते वाटण्याच्या पद्धतीपासून) सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. मोबाइल अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये, म्हणजे मॅनेटमध्ये (फिरती उपकरणं थेट एकमेकांशी जोडून बनलेल्या जाळ्यात), सर्व्हर ज्या नोडवर (उपकरणावर) ठेवाल तोच रेंजबाहेर निघून जातो. मग नोडने पत्ता स्वतः निवडायचा आणि तो कोणी आधीच घेतलाय का, हे विचारायचं.

आधी आरएफसी ३९२७ (पत्ता आपोआप घेण्याचं इंटरनेट मानक) वाचा. १६९.२५४.१.० ते १६९.२५४.२५४.२५५ या पट्ट्यात ६५,०२४ पत्ते आहेत. नोड त्यातला कुठलाही एक उचलतो, एक-दोन सेकंदांच्या अंतराने तीन एआरपी प्रोब (‘हा पत्ता कोणाचा आहे का?’ अशा विचारणा) सोडतो, आणि कोणी हरकत घेतली नाही की पत्ता त्याचा. पत्ते भरपूर वाटतात. पण न तपासता उचलले तर १०० नोडमध्ये कुठेतरी टक्कर होण्याची शक्यता साधारण ७ टक्के असते, ३०० नोडमध्ये जवळपास निम्मी.

शिवाय एआरपी एका हॉपपलीकडे (थेट रेंजमधल्या शेजाऱ्यापलीकडे) जात नाही, त्यामुळे दोन हॉपवरचा जुळा पत्ता दिसतच नाही. म्हणून विनंती नेटवर्कभर फ्लड करावी लागते. उत्तराची वाट पाहण्याचा टायमर नेटवर्कच्या व्यासाप्रमाणे (सर्वांत लांबच्या दोन नोडमधल्या हॉपप्रमाणे) ठेवा. तो आखूड असला तर लांबच्या नोडची हरकत पोचेपर्यंत पत्ता पक्का झालेला असतो. प्रीफिक्स (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा, ते सांगणारा आकडा) /३२ द्या (आरएफसी ५८८९ची शिफारस हीच). /१६ दिलात तर कर्नल लांबच्या नोडलाही शेजारी समजून एआरपी करत बसतो.

खरी मेख पुढेच आहे. दोन गट वेगवेगळे सुरू झाले, प्रत्येकाने आपापल्यात तपासणी केली आणि नंतर ते एकमेकांच्या रेंजमध्ये आले, तर सुरुवातीची तपासणी काहीच कामाची नाही. २००२ मध्ये नितीन वैद्य यांनी यावर उपाय सुचवला: राउटिंगच्या माहितीत पत्त्याबरोबर नोडची किल्लीही (प्रत्येक नोडची वेगळी ओळख) पाठवायची, म्हणजे पत्ते जुळे राहिले तरी पॅकेट भलत्याकडे जात नाही. दुसरा मार्ग नुसतं ऐकत राहण्याचा. ओएलएसआर या राउटिंग प्रोटोकॉलमध्ये आपल्याच पत्त्याचा, पण आपण कधी न पाठवलेल्या सीक्वेन्स नंबरचा (अनुक्रमांकाचा) संदेश आला, की जुळा सापडला. फक्त नोड रीबूट झाल्यावर त्याचेच जुने संदेश फिरत असतात, तेव्हा खोटी घंटा वाजते.

चाचणीसाठी लिनक्सचं मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम (खोटे वायफाय रेडिओ तयार करणारं मॉड्यूल) सोयीचं आहे. पण त्यात एका चॅनेलवरचे सगळे रेडिओ एकमेकांना ऐकतात, म्हणजे मल्टिहॉप होतच नाही. त्यासाठी कोण कोणाला ऐकेल हे ठरवणारं डब्ल्यूमिडियमडी लागतं. प्रत्येक रेडिओ वेगळ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (लिनक्समधल्या स्वतंत्र नेटवर्क कप्प्यात) टाका, नाहीतर एकच कर्नल सगळ्यांच्या वतीने एआरपीला उत्तरं देतो. बॅटमन-अ‍ॅडव्ह या दुसऱ्या राउटिंग पद्धतीवरचे निकाल ओएलएसआरच्या शेजारी मांडू नका. बॅटमन लेयर २वर (आयपीच्या खालच्या थरावर) चालतं, त्यामुळे अख्खं जाळं एकच लिंक दिसतं आणि ३९२७ तिथे उगाच हुशार ठरतं.

टक्कर वारंवार हवी असेल तर पट्टा २५४ पत्त्यांवर आणा. दहा-दहा नोडचे दोन गट तयार करून जोडले, की साधारण तीनपैकी एका फेरीत जुळा सापडतो.